आईचा पहिला मुक्काम

ॲन आर्बर, १ डिसेंबर

ती. आईस, पायाला हात लावून नमस्कार.

मी मजेत आहे. तू विणलेली टोपी रोज घालते. तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना?

तू अमेरिकेत आल्यावर आधी माझ्याकडे यायचं की दादाकडे, यावरून आमचं कालपर्यंत भांडण चालू होतं. काल लॅबमधला ऋषी इथल्या कॉलेज फुटबॉलचे नियम समजावत होता. दोन टीम बरोबरीत असल्या आणि त्या एकमेकींशी खेळल्याच नसल्या, तर कुणाच्या वाट्याला जास्त तगड्या टीम आल्या होत्या, तेही बघतात. जिचा सीझन जास्त अवघड गेला, ती फायनलला जाते.

नियम पटला, म्हणूनच राग आला. वहिनी सोडून गेल्यापासून दादा फोनवर खूप हसतो, पण जेवायला काय केलंस विचारलं की विषय बदलतो. माझ्या वाट्याला फक्त परीक्षा आली होती.

तेव्हा तू आधी मिनेसोटाला दादाकडेच उतर. मेथीचे लाडू मात्र अर्धे माझे.

आम्ही बरोबरीत होतो, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि दादाचं नाव निघालं, असं मी त्याला सांगितलंय. तूही तेच सांग.

तुझी,
कादंबरी