घरी विचारून सांगतो

॥ श्री ॥ (हे हात आपोआप लिहितो, माझा त्यात काही संबंध नाही.)

सणसर, मंगळवार

तीर्थस्वरूप हिंदुरावमामांस ऋषिराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला थांबला का? इकडे आबा, आई, म्हशी सगळी ठणठणीत. बिघाड आहे तो फक्त माझ्यात. फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकून अंगणात बोलता, आणि कळंबच्या अंगणात पडलेला शब्द चहा निवायच्या आत सणसरला आबांच्या कानी येतो. म्हणून दूधगाडीवाल्याच्या हाती हे पत्र.

मामा, मी एकतीस वर्षांचा इंजिनिअर. माझा मीच घडलोय, रूढीबिढी मानत नाही, असं मित्रांना बजावत असतो (मनगटातला लाल दोरा तेवढा आईच्या समाधानासाठी, बाही लांब आहे). तर गेल्या बुधवारी बारामतीला एमआयडीसीत एका कंपनीत मुलाखत होती. नोकरी चेन्नईची. समोर मेघना मॅडम म्हणून मुख्य बाई, माझ्यापेक्षा लहानच असतील. बसता बसता टेबलाखाली माझा पाय कशाला तरी लागला. आता पाय लागला की वाकून हात लावायचा आणि छातीशी न्यायचा, हे आईनं चिमटे काढून शिकवलेलं. मी वाकलो, मनोभावे नमस्कार केला आणि वर येताना टेबलावर डोकं आपटलं. खाली कचऱ्याची बादली होती. मॅडमनीही वाकून बघितलं. मग म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा. मी आबांच्या नावापासून सुरुवात केली: सणसरच्या दादासाहेबांचा धाकटा, कळंबच्या हिंदुरावांचा भाचा... इथवर अडखळलो नाही, पण पुढे ‘मी’ आला आणि गाडी चिखलात रुतली. (तुमचं नाव ऐकून बाईंच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही, वाईट वाटून घेऊ नका.) शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतंत्रपणे निर्णय घेऊ शकता का? मी छाती काढून म्हणालो, "नक्की, मॅडम. घरी विचारून सांगतो."

त्या इतक्या हसल्या की मला घेतलंच. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. रोज गोठ्यापर्यंत जातो, आबा वैरण टाकत असतात, तोंड उघडतो आणि "पाणी पाजलं का?" एवढंच विचारून माघारी येतो. जावंसं वाटतं, मामा, फार वाटतं. आणि आबांकडे बघितलं की पाय निघत नाही.

मामींना नमस्कार.

आपला, (अजून तरी) सणसरचा,
ऋषिराज

ता. क. – मुद्दा राहिलाच. लग्नात मामा भाच्याच्या पाठीशी उभा राहतो. माझं लग्न व्हायचं तेव्हा होईल, तुम्ही गुरुवारीच उभे राहा आणि आबांना विचारा. मी गोठ्यामागे असेन.

आणखी ता. क. – शुक्रवार कसा आहे तेही पंचांगात बघून या. मी मानत नाही, पण बघितलेलं बरं.

शेवटचा ता. क. – घोटाळा झाला. पाकिटाला डिंक आणायला गेलो तेवढ्यात पत्र आबांनी वाचलं. (चष्मा लावून, दोनदा.) म्हणाले, "मामाला कशापायी मधी घालतुयास? एवढा शिकलास, तुझं तू ठरीव. मी व्हय बी म्हणणार न्हाय आन न्हाय बी म्हणणार न्हाय." आणि वैरण टाकायला गेले. मामा, आता मी पुरता सैरभैर झालोय. नाही म्हणाले असते तर भांडलो असतो, हो म्हणाले असते तर गेलो असतो. तुम्ही ताबडतोब या आणि एवढंच सांगा: माझं मी ठरवायचं, म्हणजे नक्की कोणाला विचारायचं?