हात दिसला की करपा

अहो मनीषाचे पप्पा,

आज लेकीनं एक परवानगी मागितली आणि मी नाही म्हणाले. का, ते तुम्हाला सांगायला हवं.

ती आता अवसरीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. टोमॅटोच्या पानाचा फोटो बघून करपा रोग ओळखणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजे फोटो दाखवून शिकवायचा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम, करतेय. रोगट पानांचे फोटो सगळे तुम्ही गेल्यावर मागं राहिलेल्या तुमच्या मोबाईलमधले. पान खुडायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, फोटो काढून औषधाच्या दुकानात दाखवायचा, ही तुमची रीत! निरोगी पानाचा मात्र एकही नाही. का हो? चांगलं दिसलं की नुसते पुढं चालायचात. ते फोटो मग मनीषानं झाडावरच्या पानांचे काढले.

तिची पुस्तकं मीही चाळते, अडलं की विचारते. नेटवर्कात थरावर थर असतात. पहिले थर कडा आणि रंग टिपतात, पुढचे त्यातून डाग जुळवतात. जितके थर जास्त तितकी हुशारी जास्त, असं मला वाटलं. तिलाही! तिनं थर वाढवले. शिकवलेल्या फोटोंवर एकही चूक नाही.

मग शेजारच्या शांताबाईंनी आपल्या वावरातलं हिरवंगार पान हातावर धरलं. नेटवर्क म्हणालं, करपा.

"तुझं मशीन माझ्या पिकाला नजर लावतंय गं!" शांताबाई म्हणाल्या.

मनीषाला हसू आलं नाही. दोन दिवस शोधल्यावर कळलं, ते पान बघतच नव्हतं. तळहात दिसला की करपा! एवढे थर, आणि पाठ काय केलं, तर हात.

आज ती चाचरत म्हणाली, "आई, थर कमी करून बघितले, पण भागत नाय. फोटोतला पप्पांचा हात कापावा लागंल."

मी मोबाईल उघडला. विळ्याचा व्रण असलेलं बोट, नखातली माती. तुमचा हात म्हणजे रोग, असं शिकलं हो ते!

"कापू नको," मी म्हणाले. "रोगट पानं आमच्याबी हातावर धरू, निरोगीबी धरू. माझा हात घे, शांताबाईंचा घे. मग हात बघून त्याला काय कळणार?"

ती म्हणाली, "कापायला एक दिवस लागला असता. याला पंधरा दिवस जातील."

"जाऊ देत."

उद्यापासून रोज सकाळी मी वावरात पानं धरून उभी राहीन. तुमचा हात एकाही फोटोतून जाणार नाही, आणि त्याच्यावर रोगाचा शिक्काही राहू देणार नाही.

तुमची,
सुमन