नांगर टाकण्याची जागा मीच ठरवणार

१८ जुलै, सकाळ

ही रोजनिशी लिहायला मला माझ्या नणंदेने भाग पाडलं. कालिरोई झालेल्या गोष्टी नंतर स्वतःच्या सोयीने सांगते आणि सासरचं अख्खं बेट तिच्यावर विश्वास ठेवतं. म्हणून जे घडेल ते त्याच दिवशी लिहून ठेवणार. कुणाला दाखवायचं नाही. माझ्यापाशी असलं म्हणजे झालं.

हकिगत अशी. स्तामातिसच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. डॉक्टरांनी या उन्हाळ्यात सुकाणू धरायला मनाई केली. अडतीस वर्षं माझा नवरा बोट कुठल्या खाडीत न्यायची, नांगर कुठे टाकायचा हे ठरवत आला आणि अडतीस वर्षं मी त्याला त्याचं चुकतं कुठे ते सांगत आले. काल तो म्हणाला, "बरं, आता तू ठरव." कालिरोई हसली. मी हसले नाही.

करार असा ठरला: बेटाला वळसा घालून २६ तारखेला मुख्य बंदरात पोचायचं. तोवर कॅप्टन मी. एकही घोळ झाला नाही तर पुढेही मीच. घोळ झाला तर कालिरोई. तिची पात्रता काय, तर वडिलांच्या बोटीवर तिचं लहानपण गेलं. माझं लहानपण बसमध्ये गेलं, म्हणून मी कंडक्टर झाले का?

१८ जुलै, संध्याकाळ

पहिली जागा निवडली. दक्षिण किनारा, सर्वांत उंच डोंगराच्या पायथ्याशी. वारा उत्तरेचा, आडोसा दक्षिणेला. मी तीस वर्षं भूगोल शिकवला आहे.

कालिरोई म्हणाली, "वहिनी, इथे वारा डोंगरावरून खाली कोसळतो." मी म्हटलं, वारा कोसळत नाही, वाहतो. कोसळतात ती घरं. ती म्हणाली, "बरं. मग मी कपडे आत घेते." मी म्हटलं, कपडे बाहेरच राहतील. शिस्तीचा प्रश्न आहे.

१९ जुलै

वारा कोसळला.

उन्हासाठी बांधलेलं कापड गेलं. छोटी होडी पाण्यात उलटी झाली. स्तामातिसचा पायजमा शेजारच्या बोटीच्या डोलकाठीवर जाऊन बसला. त्या लोकांनी तो घडी करून परत आणून दिला, वर इस्त्रीचे किती देता असं विचारलं. असल्या माणसांशी मी बोलत नाही.

दोष निवडीचा नाही. निवड बरोबर होती. डोंगर वाईट निघाला.

२० जुलै

वाळूचा तळ हवा. समुद्रगवतात नांगर धरत नाही हे मला पुस्तकातून आधीपासून माहीत आहे. तरी तीन वेळा टाकला आणि तीनही वेळा गवताचा भारा घेऊन वर आला. स्तामातिस काळा चष्मा लावून बसला होता. म्हणाला, "पाणी जिथे काळपट दिसतं तिथे गवत असतं." मी म्हटलं, काळपट दिसतं कारण तुझा चष्मा काळा आहे. तो गप्प बसला. गप्प बसण्यात या माणसाचा हात कुणी धरणार नाही. गेली अडतीस वर्षं मी एकटीच भांडते आहे.

सर्वांत संतापजनक गोष्ट: शेजारी एक फ्रेंच जोडपं. आम्ही अजून लांब होतो तेवढ्यात त्या बाईने आपल्या बोटीच्या कडेला रबरी फुगे बांधायला सुरुवात केली. धक्का बसू नये म्हणून. मी काही केलेलं नसताना! आणि फुगे बांधून झाल्यावर दोघं वाइनचे पेले घेऊन पुढ्यात बसली, नाटकाला बसावं तशी. चौथ्यांदा नांगर धरला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मान तुकवली नाही.

२१ जुलै

संकल्प.

एक. ओरडायचं नाही. नांगर टाकताना मी मागे सुकाणूवर, कालिरोई पुढे साखळीपाशी, आणि मध्ये आरडाओरडा, हे बंद. हाताच्या खुणा ठरवल्या. उजवा हात वर म्हणजे "नांगर सोड". डावा वर म्हणजे "थांब". पाठ करून घेतल्या.

दोन. बोटीवर तीन विषय बंद: सासऱ्यांची बोट, साधुसंत आणि चुलतदीर आर्गिरिसच्या खानावळीतला ऑक्टोपस. कालिरोईच्या तोंडी या तीनशिवाय चौथा विषय नसतो. म्हणाली, "मग मी बोलू काय?" मी म्हटलं, तोच उद्देश आहे.

२१ जुलै, संध्याकाळ

खाडीच्या तोंडाशी माझ्या कानापाशी गांधीलमाशी आली. मी उजव्या हाताने ती हाकलली. कालिरोईने नांगर सोडला. भर रस्त्यात, जिथून फेरीबोट जाते तिथे.

म्हणाली, "वहिनी, तुम्हीच खूण केलीत."

फेरीबोटीने भोंगा वाजवला. बराच वेळ वाजवला. वरून माणसं फोटो काढत होती. मी सुकाणूवर ताठ उभी राहिले. ओरडले नाही. संकल्प पाळला, हे नोंदवून ठेवते.

२२ जुलै

आर्गिरिसच्या खानावळीपुढे त्याचा स्वतःचा धक्का आहे. बोट फुकट बांधायची आणि जेवायचं त्याच्याकडे, अशी पद्धत. तो किनाऱ्यावरून दोन्ही हात हलवत होता. "या वहिनी या, जागा ठेवलीय!" मी त्याला डावा हात दाखवला. जेवणावर बांधली जाते ती बोट नव्हे, बकरी. समोर लांब नांगर टाकला. धरला! जेवायला डब्यातले पांढरे वाल. निखाऱ्यावरच्या माशांचा वास थेट बोटीवर येत होता. मी पाठ करून बसले.

बहीणभाऊ कचरा टाकून येतो म्हणून छोट्या होडीने गेले. इतका वेळ लागेल असा कचरा आमच्या बोटीवर नव्हता. परत आले तेव्हा स्तामातिसच्या मिशीला लिंबाचा वास. विचारलं तर म्हणाला, "तो विषय बंद आहे."

वाल बरे होते. थोडे गार होते.

२४ जुलै

काल आणि आज एकही घोळ नाही. आधीचे डोंगराच्या आणि गांधीलमाशीच्या नावावर जातात. कालिरोईचं जागा निवडण्याचं शास्त्र आज समजलं. "मामेबहीण कुठे राहते ते बघायचं, तिला हाक मारायची आणि ती सांगेल तिथे टाकायचा." याला शास्त्र म्हणतात! मी नकाशा, वारा आणि तळ पाहते. दोन दिवस उरलेत. बंदरात कॅप्टन म्हणून उतरताना कुठला ब्लाउज घालायचा ते ठरवलं.

२५ जुलै, दुपार

आदर्श खाडी मिळाली. तळ वाळूचा, पाणी स्वच्छ, तिन्ही बाजूंनी आडोसा. नांगर पहिल्याच फटक्यात धरला. आणि एकही बोट नाही! लोकांना अक्कल नाही हेच कारण. काठावर एक छोटं चर्च आहे, नुकताच चुना मारलेलं. कागदी पताका लावल्यात, बाकांचे ढीग रचलेत. नगरपालिकेचं काहीतरी चाललं असावं.

कालिरोईने विचारलं, "वहिनी, आपण इथे का आलो ते माहीत आहे ना?" मी म्हटलं, वाळूसाठी. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "विषय बंद आहे," आणि खाली जाऊन भावाच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करायला लागली. बोटीवर इस्त्री! मी कारण विचारलं नाही.

थोड्या वेळाने स्तामातिस वर आला. दाढी केलेली. माझ्या शेजारी बसला आणि माझा हात हातात घेतला. हे सहसा होत नाही. म्हणाला, "तुझ्या लक्षात राहिलं, पोलिक्सेनी. मला वाटलं नव्हतं." मी म्हटलं, माझ्या सगळं लक्षात असतं. काय लक्षात राहिलं ते विचारणं कॅप्टनला शोभत नाही. त्याने हात बराच वेळ सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. वारा पडला होता, करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

२५ जुलै, संध्याकाळ

भयंकर. पाच वाजल्यापासून बोटी येतायत. मच्छीमारांच्या, भाड्याच्या, घरच्या, एकीवर तर दोन बकऱ्या आणि व्हायोलिनवाला. सगळ्यांचे नांगर आमच्या नांगराच्या आसपास, सगळ्यांच्या साखळ्या आमच्या साखळीवरून. मी प्रत्येकाला बजावलं. एक म्हातारा म्हणाला, "काकू, समुद्र काय हुंड्यात मिळाला का?" त्याच्या मागची सगळी बोट हसली.

उद्या अगिया पारास्केवी या संत बाईचा उत्सव आहे. हे चर्च तिचं. कॉलेजात गेल्यापासून मी सणवार पाळणं सोडलं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ज्यांना तारीख माहीत होती त्यांनी सांगायला नको? कालिरोईला विचारलं. म्हणाली, "साधुसंत बंद आहेत ना, वहिनी." नियमाचा असा गैरवापर मी शाळेतसुद्धा पाहिला नाही.

दोघं नटूनथटून किनाऱ्यावर गेली. आज रात्री आर्गिरिसच्या माणसांबरोबर तिथेच राहणार. स्तामातिस म्हणाला, "तूही चल." मी म्हटलं, बोट सोडून कॅप्टन जात नसतो. त्याचा चेहरा जरा पडला. काठावर मोठमोठ्या हंड्यांत मटण शिजतंय, वाजंत्री चालू आहे. मी बिस्किटं खाल्ली.

संकल्प: उद्या सकाळी आठला निघायचं. उत्सव असो नाहीतर भूकंप. मी बोट खाडीच्या तोंडाशी नेऊन ठेवीन, त्यांनी छोट्या होडीने यावं. बंदरात दुपारी. मग बघू कॅप्टन कोण ते.

२६ जुलै, सकाळ

संताप झालाय. क्रमाने लिहिते.

आठ वाजता काठावर प्रार्थना चालू. चर्च छोटं, माणसं सगळी बाहेर, म्हणून कर्णा लावलेला. मी इंजिन सुरू केलं, पुढे जाऊन नांगराच्या मोटरचं बटण दाबलं. साखळी येत होती, मग जड झाली. मोटर ओरडायला लागली. मी बटण दाबून धरलं. माघार घेणं माझ्या स्वभावात नाही.

वर आमचा नांगर आला नाही. दुसऱ्याच कुणाचा तरी आला. त्याच्या मागे आणखी एक, साखळीसकट. मग एक गंजका, शेवाळलेला, बहुधा त्या म्हाताऱ्याचा. सगळे आमच्या बोटीच्या नाकावर लोंबकळायला लागले, बाजारात कोंबड्या टांगतात तसे. ज्यांचे नांगर सुटले त्या बोटी सावकाश सरकत एकमेकींना जाऊन टेकल्या. झोपलेली माणसं चड्डीवर बाहेर आली.

"ओ बाई, तो माझा आहे! घरी न्यायचाय का?"

"स्तामातिस, अरे तुझी बायको मासे सोडून नांगर पकडायला लागली!"

"एवढे कशाला, काकू? कानात घालायला एक जोडी पुरते!"

बकऱ्यांची बोट आमच्या कुशीत शिरली. काठावरच्या सगळ्या माणसांनी चर्चकडे पाठ केली आणि मला पाहत राहिली. गाणं थांबलं. कर्ण्यातून पाद्रीबाबांचा आवाज आला, "निळ्या बोटीवरच्या बाईंनी कृपया बटण सोडावं." आणि पुढच्या ओळीपासून प्रार्थना पुन्हा सुरू.

सोडलं.

कालिरोई सणाच्या साडेतीन हात घेराच्या झग्यात होडी वल्हवत आली. इतकी संतापलेली मी तिला पाहिली नव्हती. एकेका नांगराखाली दोर घालायचा, आमची साखळी सैल सोडायची, तो निसटला की पुढचा. हात चालू आणि तोंडही चालू. "आज तरी, वहिनी! आज तरी थांबायचं! ही डोळ्यांची संत आहे! दादाला दोन महिने नीट दिसत नाहीये, तो कुणाला बोलत नाही पण तो घाबरलाय. काल त्याला वाटलं तुम्ही त्याच्या डोळ्यासाठी इथे आणलंत. रात्रभर सगळ्यांना तेच सांगत होता, बायकोने आणलं, तिने लक्षात ठेवलं. मी एका शब्दानेही त्याचा भ्रम मोडला नाही. मेणबत्ती पेटवायला वाकला आणि तुमची मोटर सुरू झाली."

मी म्हटलं, वेळापत्रक ठरलेलं होतं.

ती म्हणाली, "हो का." इतकंच. टोमणा मारला असता तर उत्तर देता आलं असतं.

२६ जुलै, दुपार

नांगर आपापल्या मालकांना परत गेले. एक रेलिंग वाकलं, ते आर्गिरिसने ठोकून सरळ केलं. म्हाताऱ्याने निरोप पाठवला की त्याचा नांगर दहा वर्षांत पहिल्यांदा इतका स्वच्छ धुतला गेला. मी उत्तर पाठवलेलं नाही.

स्तामातिस होडीतून परत आला. काळा चष्मा काढून पुसत राहिला, चष्मा स्वच्छ असूनसुद्धा. मी विचारलं, मेणबत्ती लागली का? म्हणाला, "विझली." मी म्हटलं, मग परत जाऊ. तो म्हणाला, "तुझी वेळ चुकेल." मी म्हटलं, चुकू दे.

गेलो. मीही. मेणबत्ती वाऱ्याने विझू नये म्हणून मी वाऱ्याच्या बाजूला उभी राहिले. यात श्रद्धेचा काही संबंध नाही. वारा कुठून येतो ते मला कळतं, एवढंच.

आज बंदर गाठलं जाणार नाही. कराराप्रमाणे हा घोळ धरावा लागतो. मला वाटतं तो घोळ इतरांच्या साखळ्यांचा होता, पण वाद घालायला आज वेळ नाही. कॅप्टनपद कुणी मागितलं नसताना मी स्वतः कालिरोईला बोलावलं. ती हातातलं भांडं घासत म्हणाली, "राहू द्या वहिनी, उद्या बघू." मी म्हटलं, करार म्हणजे करार.

नोंद.

देणार: पोलिक्सेनी. घेणार: कालिरोई. साक्षीदार: स्तामातिस, एका डोळ्याने.

सुपूर्द केलं: इंजिनाची किल्ली. दुर्बीण. सर्व नकाशे, माझ्या पेन्सिलीच्या खुणांसह. त्या खोडू नयेत अशी विनंती, मान्य झाली. सुकाणूमागची जागा, उशीसह.

मला मिळालं: पुढची, साखळीपाशी उभं राहायची जागा. जाड हातमोजे, एक जोडी. डावा फाटका आहे.