उर्बँ मोनिए ऊर्फ उकंडा

बोरवाडी, फुलसावंगीजवळ
११ जानेवारी

माननीय देवसिंगभाऊ आडे यांस,

उकंडा मुनेश्वरचा सविनय जय भीम, आणि तुमच्या अख्ख्या तांड्याला जय सेवालाल.

सर्वात ताजी बातमी आधी. परवा शुक्रवारी असं निष्पन्न झालं की मी जिवंत आहे, बोरवाडीचा रहिवासी आहे, पण फ्रान्सच्या फौजेत मी कधीच नव्हतो. फौजेत पंधरा वर्षं उर्बँ मोनिए नावाचा कोणी इसम होता, आणि तो इसम म्हणजे मी, हे कागदावरून दिसत नाही. तालुक्याच्या कार्यालयातल्या घनश्यामबाबूंनी या बातमीला स्वतः दुजोरा दिला आहे.

आपली तब्येत कशी आहे? रुक्मावहिनींचे गुडघे, बादलची पोरं, ती वाकड्या शिंगाची म्हैस, सगळे खुशाल असावेत. (अकरा वर्षं आपलं बोलणं नाही, म्हणून 'तुम्ही' म्हणून पाहिलं. जमत नाही. दोन माणसांनी एका पातेल्यातून खाल्लं की 'तुम्ही' घशात अडकतं. यापुढे 'तू'.) फोन तू उचलत नाहीस. मागच्या महिन्यात दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर उचललास, माझा आवाज ऐकलास आणि 'राँग नंबर' म्हणून ठेवलास. तेही फ्रेंचमध्ये, म्हणजे ओळखलं होतंस. म्हणून पोस्टाचा आधार घेतला. पत्र फाडण्याआधी माणूस निदान उघडून पाहतो, एवढ्यावर माझा भरवसा आहे. आणि काही मागायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फक्त हकिकत कळवायची आहे.

हकिकत मागच्या सव्वीस जानेवारीपासून सुरू होते. आमच्याकडे शाळेच्या मैदानावर झेंड्याजवळ माजी सैनिकांसाठी खुर्च्या मांडतात, बाकी गाव मागे फाटकाजवळ सतरंजीवर. खुर्च्या तीन, माजी सैनिक एक, आपला श्रावण. तो मधल्या खुर्चीवर बसतो, आणि दोन्ही बाजूंना त्याची टोपी आणि त्याचा मफलर बसतात. ग्रामसेवक दरवर्षी माइकवरून म्हणतो, 'माजी सैनिकांनी पुढे यावे,' आणि दरवर्षी मी ते ऐकून घेतो. मागच्या वर्षी तुझ्या नलूवहिनीनं कोपरानं ढोसलं. म्हणाली, "जा ना. पंधरा वर्षं तिथं गोट्या खेळत होते काय?" मी उठलो. आता आपल्या फौजेची चाल तुला ठाऊक आहे, मिनिटाला अठ्ठ्याऐंशी पावलं. सगळ्या फौजा पुढे निघून जातात आणि आपण मागून वरातीसारखे येतो. अंगात मुरलेली चाल, मी तीच धरली. फाटकापासून झेंड्यापर्यंत दोनशे पावलं. शंभराव्या पावलाला 'जन गण मन' सुरू झालं. थांबलो. सतरंजी मागे, खुर्ची पुढे, मधोमध मी एकटा, सावधान. राष्ट्रगीत संपल्यावर ग्रामसेवक जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, कार्ड आहे काय?" कार्ड नव्हतं. परत आलो तर सतरंजीवरची माझी जागाही गेली होती. उरलेला कार्यक्रम हातपंपाला टेकून पाहिला. नलू घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. (तिचं न बोलणं तुला माहीत आहे. ते ऐकू येतं.)

दुसऱ्या दिवशी सरपंच बबिताताईंकडे गेलो. मनानं मोकळी बाई. म्हणाल्या, "काका, मले कोणताबी सरकारी कागद दाखवा, मी खुर्ची देतो. बिनकागदाचं बसवलं तर उद्या सर्कसवालाबी येऊन बसंल." बाईंचं बरोबर होतं. म्हणून तालुक्याला अर्ज केला.

अर्जाला फौजेतले कागद जोडले, सगळे फ्रेंच. मराठी भाषांतर माझी भाची प्रियंका हिनं केलं, म्हणजे तिच्या फोननं केलं. त्यात माझा चांगल्या वर्तणुकीचा दाखला होता. फ्रेंचमध्ये वागणुकीला आणि गाडी चालवण्याला एकच शब्द आहे (कोंद्युईत, आठवत असेल). फोननं नेमका दुसरा अर्थ उचलला. घनश्यामबाबूंनी मोठ्यानं वाचलं, "उत्तम गाडी चालवल्याबद्दल प्रमाणपत्र." चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे तर लायसन झालं. इथं कायले आणलं?" मी पंधरा वर्षं बटाटे सोलले, मला सायकल धड येत नाही, आणि सरकारी कागदावर मी ड्रायव्हर झालो. इथं तू हसलास तरी चालेल, मला दिसत नाही.

मग अर्जाचा विषय. 'विदेशी सेनेतील सेवेस मान्यता मिळणेबाबत' असा मी स्वच्छ अक्षरात लिहिला होता. आवक नोंदवहीचा रकाना अरुंद. त्यात मावलं तेवढं उतरवलं: 'विदेशी, मान्यता मिळणेबाबत.' आता विदेशी म्हटलं की कार्यालयात एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. अर्ज दारूच्या परवान्यांच्या टेबलावर गेला. तीन महिन्यांनी जीपमधून एक साहेब उतरले आणि अंगणात उभं राहून नलूला म्हणाले, "बाई, विदेशीचं दुकान कोणत्या खोलीत टाकता? शाळेपासून अंतर मोजा लागते." आणि टेप काढला. भाऊ, नलू बारा वर्षं गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष आहे. हातभट्टीचे माठ तिनं स्वतःच्या हातानं फोडले आहेत. मी आतून "फौजेची हाय, फौजेची!" म्हणून ओरडलो. साहेब म्हणाले, "मिलिटरीची असंल तर तिचा परवाना आणखी वेगळा." नलूनं टेपचं दुसरं टोक हातात घेतलं आणि साहेबांना जीपपर्यंत मोजत नेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मले वाटलं तुम्ही खुर्ची मागून राह्यले. तुम्ही तर गुत्ता मागून राह्यले." दोन दिवस मला भाकर मिळाली, भाजी नाही.

अर्ज फिरत फिरत घनश्यामबाबूंच्या टेबलावर परत यायला दिवाळी उलटली. तेव्हा नावाची बाब निघाली, आणि परवाच्या शुक्रवारी ती टोकाला गेली. बाबू म्हणाले, "अर्जदार उकंडा. फौजी कोणी उरबान मौनी. हे मौनीबाबा कोण?" मग मला सगळं मुळापासून सांगावं लागलं. आपण दोघं मालवाहू जहाजाच्या भटारखान्यात होतो, मार्सेय बंदरात मालक जहाज टाकून पळाला, तीन दिवस उपाशी फिरलो, एका दारातून सूपचा वास आला म्हणून आत शिरलो, आणि ती फौजेची भरती निघाली. तिथं आत घेताना जुनं नाव काढून ठेवतात आणि नवं देतात, पहिली अक्षरं तेवढी जुळवतात. देवसिंग आडेचा दिदिए आदाम झाला, उकंडा मुनेश्वरचा उर्बँ मोनिए.

"नाव काहून बदलते? सगळे फरार होते काय?" बाबूंनी विचारलं.

मी म्हटलं, "काही होते साहेब. पण नाव सगळ्यांचंच बदलते, मागचं काही मागं लागू नये म्हणून. माह्या मायनंबी तेच केलं. माह्या आधीचे तीन लेकरं गेलते. मी झालो तं मले उकंड्यावर, केरकचऱ्यात टाकलं, शेजारच्या बाईनं सूपभर ज्वारी देऊन उचललं, अन् नाव ठेवलं उकंडा. मरणाला वाटावं, हे तर फेकलेलं हाय, हे कायले न्याचं. फ्रान्सवाल्यानं नवं काही नाही केलं."

बाबूंनी पेन खाली ठेवला. मग टेबलावरची आपल्या नावाची पाटी माझ्याकडे फिरवली. 'घनश्याम कचरू ढोले.' बोट मधल्या नावावर ठेवलं. "बापाच्या आधीचे दोन गेलते," एवढंच म्हणाले. आणि माझ्या अर्जावर, दोन नावांच्या मधे, एक शब्द लिहिला: ऊर्फ. शिसपेन्सिलीनं लिहिला. शाईनं पक्का करायला आणखी काय लागतं तेही सांगितलं, पण ती बारीक बाब आहे, तिचा तुला त्रास देत नाही.

आता त्या लग्नाचं. बादलच्या लग्नात तू व्याह्यांना सांगत होतास की फौजेत तू रणगाडा चालवायचास, आणि मी भर पंगतीत म्हणालो, "रणगाडा नाही, पावाची गाडी." पंगत हसली. तू हात धुतलास आणि उठलास. मी बोललो ते खरं होतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज लिहितो. तिकडे आफ्रिकेत, जिबुतीत, कोरड्या नदीला एका दुपारी पूर आला आणि आम्ही चाळीस जण पलीकडे अडकलो. तिसऱ्या दिवशी रणगाडेवाले अलीकडच्या काठावर उभे राहून पाणी उतरायची वाट पाहत होते. तेवढ्यात पावाची गाडी पाण्यात शिरली. खिडकीपर्यंत पाणी, आणि आतला माणूस तुमच्या तांड्याच्या गोरबोलीत नदीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. पाव भिजून लगदा झाले होते. तितका गोड लागलेला पाव मी पुन्हा खाल्ला नाही. हे पंगतीत सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, याची अकरा वर्षं लाज वाटते आहे.

नलूचा तुम्हा दोघांना जय भीम. वहिनींना म्हणावं, थंडीत गुडघे सांभाळा.

तुझा,
उकंडा
(मोनिए, सध्या शिसपेन्सिलीत)

ता.क. ती बारीक बाब अशी. मला दोन्ही नावांनी ओळखणारा, त्याच फौजेतला एक साक्षीदार लागतो. बाबूंनी विचारलं, "जवळपास कोणी हाय काय?" मी म्हटलं, पुसदजवळ एक आहे. "येईन काय तो?" गडबडीत माझ्या तोंडून फ्रेंच 'वी' निघालं. त्यांना ते 'व्हय' ऐकू आलं, आणि त्यांनी 'होय' असं लिहून घेतलं. मंगळवार, वीस तारीख, सकाळी अकरा. आधार कार्ड आण. तुझे फौजेचे कागदही आण, त्याचं कारण खाली आहे.

ता.क. २. साक्षीदाराच्या हुद्द्यात पावाची गाडी लिहिलेली नाही. 'जड वाहन चालक' असं लिहिलं आहे. रणगाडाही जडच असतो. व्याह्यांना काय समजायचं ते समजू दे, मी पंगतीत तोंड उघडणार नाही.

ता.क. ३. कागद यासाठी, की तुझाही अर्ज मी भरून ठेवला आहे, फक्त सहीची जागा मोकळी आहे. विषयात 'विदेशी' शब्द टाळला आहे. बबिताताईंनी दोन खुर्च्यांना हो म्हटलं आहे, आणि श्रावणला टोपी व मफलर मांडीवर घ्यायला सांगितलं आहे. सव्वीसला झेंडा आठ वाजता. फाटकापासून दोनशे पावलं, आपल्या चालीनं सव्वादोन मिनिटं; तू वाटेत कोणाला रणगाड्याचं सांगत थांबलास तर आणखी पाच. म्हणून आठला दहा कमी असताना फाटकात उभा राहा. या वेळी राष्ट्रगीत खुर्चीपाशी ऐकायचं आहे.