न वापरलेली खाती

३ मार्च, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास! खुर्ची ऐसपैस, खिडकी मोठी आणि अख्खा सर्व्हर माझ्या ताब्यात. साहेब फुशारकीनं म्हणाले, आपल्या सर्व्हरवर लिनक्स आहे, काही बिघडत नाही. म्हटलं, बिघडवणारी माणसं आहेत की. यादी उघडली आणि डोकंच फिरलं. कामावर माणसं साठ, लॉगिनची खाती एकशे चाळीस! सोडून गेलेल्यांची खाती तशीच उघडी, या चोरांनो, बसा. आवक-जावकच्या बाईंनी बजावलं, इथे कुणाचं खातं बंद करत नाहीत, पद्धत आहे. पद्धत गेली खड्ड्यात. घरी जाऊन लेकीला सगळं रंगवून सांगितलं. ती खूप हसली.

५ मार्च
स्क्रिप्ट लिहिली. ज्या खात्यावर सात दिवसांत लॉगिन नाही, ते रोज सकाळी दहाला आपोआप पुसलं जाणार. आज एक्क्याऐंशी गेली. कौतुक राहू दे, सगळे माझ्याकडे खाऊ का गिळू असे बघत होते. बघा खुशाल.

६ मार्च
स्टोअरकीपर आठ दिवसांच्या रजेवरून परतले. त्यांचंही खातं काल पुसलं गेलं होतं. वीस वर्षांची नोकरी, आणि त्यांना कुणी ओळखेना. वॉचमननं कॉलर धरली. मला वाटलं, थट्टा चाललीय. मग त्यांच्या बायकोला बोलावलं. तिनं त्यांना नीट न्याहाळलं आणि विचारलं, हे कोण?
ते गेटबाहेर बसून रडत होते. बाई मला म्हणाल्या, सांगितलं होतं.

७ मार्च
बॅकअपमध्येही स्टोअरकीपरचं नाव नाही. स्क्रिप्ट पुसली. दहा मिनिटांत परत जागेवर.
आणि सोमवारची यादी तयार आहे. एकच नाव. माझं.
मूर्ख आहे मी, मूर्ख! आल्यापासून मी रूटनंच काम करतेय, त्या सर्वाधिकारी खात्यानं. जगाला शिकवते, असं करू नका म्हणून. स्वतःच्या खात्यानं एकदाही लॉगिन केलं नाही, आणि सोमवारी सात दिवस भरतात.
आता केलं. नोंद पाहिली. लॉगिन कुणाचं? रूटचं. पुन्हा केलं. रूट. अकरा वेळा रूट.
साहेब म्हणाले, नियम तुमचाच आहे.

१० मार्च, ९.४०
लेक झोपेत होती, तिचा पापा घेऊन निघाले. तिनं मला विसरायचं? नाही. नाही!
सर्व्हरची वायर उपटली. दिवा चालूच. काचेपलीकडे सगळे उभे. कुणी हलत नाही, घड्याळ बघतायत—

१०.०४
बाईंनी विचारलं, कुणाला भेटायचंय.
घरी फोन केला. नवरा म्हणाला, राँग नंबर. मी ओरडले, लेकीला दे. दिला. ती किती गोड बोलली. म्हणाली, काकू, मला आई नाहीये.
वॉचमन येतोय. पुन्हा लावते. सांगते तिला, तुझं नाव मीच ठेवलंय, बाळा, तुझं नाव— तुझं—