रिकामा वाडगा

शनिवार, १२ एप्रिल
व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली नाही, म्हणून इटलीतल्या डोंगरावरच्या गावाऐवजी वेल्समधलं डोंगरावरचं गाव. नकुलने तोंड पाडलं होतं, पण लानव्हेरिनला पोचल्यावर त्याचंच कौतुक थांबेना. चारशे वर्षांची दगडी घरं, दरीभर कोकरं, कोपऱ्यावरच्या दुकानात धुरी दिलेलं चीज. घरून, रीडिंगहून एवढी गाडी हाणल्याचं सार्थक झालं. सहा वर्षांच्या तनूचा पुढचा दात हलतोय, तरी तिने चीज सोडलं नाही.

शेजारच्या मिसेस प्रिचर्डने दारात वाडगाभर गरम मटणाचं सूप ठेवलं होतं. वाडगा घासला आणि तनूच्या हाताने त्यात बेसनाचे लाडू ठेवले, तिघांचे तीन. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, हे तिला या वयातच कळायला हवं. माझ्या आईचाच हा नियम; नकुल म्हणाला, वेल्समध्येही सासूबाई आल्याच.

रविवार, १३ एप्रिल
मिसेस प्रिचर्डने वाडगा एप्रनमध्ये धरून घेतला, लाडू दोनदा मोजले आणि थँक्यूसुद्धा न म्हणता दार लावलं. मला रागच आला. दुपारी चीजवाल्याने आम्हाला चीज द्यायला नकार दिला. म्हणे, हे दुकान पाहुण्यांसाठी आहे. मग आम्ही कोण, असं विचारलं तर त्याने पाठ फिरवली. रस्त्यात कुणी बोलत नाही. सगळे तनूकडे बघतात.

सोमवार, १४ एप्रिल
दारात सुपाचे तीन वाडगे. बुडाशी आमची नावं कोरलेली, तनूचंही. तिचं नाव आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. नकुलने दोन वाडगे तिथेच पिऊन रिकामे केले.

मी चर्च बघायला गेले. भिंतीवर गावातल्या घराण्यांची नावं आहेत, त्यांत एक कुलकर्णीही. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने सांगितलं, इथे पाहुणा रिकामं भांडं देऊन निरोप घेतो. भरून देतो तो गावाचा होतो. सुटायचं असेल तर बुधवारी बाराच्या आत प्रत्येकाने आपल्या हाताने रिकामा वाडगा परत करायचा. मला ते खोटं वाटलं नाही.

मंगळवार
नकुलने गाडीची किल्ली मिसेस प्रिचर्डला देऊन टाकली. आता कुठे जायचंय, म्हणतो. रीडिंग म्हणजे काय, असं विचारलं त्याने. चेष्टा नव्हती.

फोन लागत नाही. तनूला घेऊन चालत निघाले. वळणावर माणसं उभी, वाट अडवून. एकाने कुत्रा सोडायची खूण केली. परत फिरलो.

बुधवार
तिन्ही वाडगे घासून पुसले. नकुलच्या हाताला धरून त्याचा दिला. रिकामा. मग माझा. मिसेस प्रिचर्ड थुंकली, पण घेतला. किल्लीही भिरकावली. नकुल दचकून जागा झाल्यासारखा — त्याला रीडिंग आठवतंय —

तनू पुढे झाली. शहाण्यासारखी. वाडगा हाताने झाकून. मी बघायला हवं होतं. मीच शिकवलं होतं —

आत तिचा दात. सकाळी पडलेला.

मिसेस प्रिचर्डने तिला घरात नेलं. दार उघडत नाही. नकुल लाथा घालतोय. मी पायरीवर लिहितेय. रखवालदार म्हणाला, लिहून ठेवा, गावाबाहेर पडलात की मूल होतं हेही विसराल —

तनू खिडकीत आली. रडत नाहीये. मिसेस प्रिचर्डला विचारतेय, हे पाहुणे कधी —