मुकुटातला हलवा

बाळकुम, ठाणे
१७ जानेवारी

प्रिय रसिका,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून तू आधी खाली सही बघायला जाशील. नको जाऊस, मीच सांगते. मी योगिनी, मितेशची आताची बायको. तुला 'तुम्ही' लिहावं की 'तू', यात दोन कागद फुकट गेले. शेवटी म्हटलं, वयात फारसं अंतर नाही आणि एकाच पोरीच्या मागे दोघी धावतोय, तेव्हा तूच बरं. फोन करता आला असता, पण फोनवर मी चटकन चिडते आणि चिडले की जे बोलायचं तेच नेमकं राहून जातं.

ऋतिका मजेत आहे, हे आधी सांगते. खोकला गेला. वरचा पुढचा दात पडला, तो तिने तुला दाखवायला म्हणून काडेपेटीत जपून ठेवलाय. दिवाळीनंतर तू आली नाहीस, म्हणून तो अजून तिथेच आहे. दुसरीच्या वर्गात तिच्या शेजारी दिपेश नावाचा एक मुलगा बसतो. त्याच्या कागाळ्या मला रोज ऐकाव्या लागतात आणि तो एक दिवस शाळेत आला नाही तर हिचा चेहरा एवढासा होतो.

संक्रांतीच्या आधी तिने घरी येऊन जाहीर केलं, की वर्गातल्या सगळ्यांना ती स्वतः केलेली कार्डं देणार. विकतची अजिबात नकोत. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी बसलो दोघी हॉलमध्ये पसारा मांडून. काळा कार्डपेपर पतंगासारखा कापायचा आणि मागे लोकरीची शेपटी लावायची. कापणं माझं, शेपट्या तिच्या. माझा एक पतंग दुसऱ्यासारखा येईल तर शपथ. 'मावशी, हा पतंग नाहीये गं, समोसा झालाय,' असं मला सुनावण्यात आलं. मितेशला मदतीला बोलावलं, तर त्याने फेविकॉलची बाटली सोफ्यावर उपडी केली. त्याला परत पाठवलं.

प्रत्येक पतंगाच्या मधोमध काटेरी हलव्याचा एक दाणा चिकटवायचा, ही तिची कल्पना. मी जांभळी नाक्यावरून चांगला रंगीबेरंगी हलवा घेऊन आले होते. तिने ते पाकीट बाजूला सारलं, खुर्ची ओढली आणि कपाटावरून स्टीलचा डबा काढला. कुठला ते तुला सांगायला नको. तिच्या बोरन्हाणाला तू केलेले हलव्याचे दागिने त्यात असतात. असतात म्हणजे, बाजूबंद आणि कंबरपट्टा मुंग्यांनी कधीच फस्त केलेत. लवंगांमध्ये ठेवलेला मुकुट तेवढा शिल्लक होता. दाणे पिवळट पडलेत, पण काटा जसाच्या तसा. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच तिने तो मला दाखवला होता, लांबून, हात न लावू देता. तू हलवासुद्धा विकतचा घेतला नव्हतास, मंद आचेवर थेंब थेंब पाक सोडत बोटं भाजून घेत बसली होतीस, हे मितेशने सांगितलं. गेल्या वर्षी मी गुपचूप करून बघितला. काटा काही येईना. सगळ्याचा मिळून एक लगदा झाला आणि ती परात घासायला भांड्यांच्या मावशींनी साफ नकार दिला.

तर त्या मुकुटाचे दाणे तिने एकेक करून सोडवायला घेतले. मी चटकन तिचा हात धरला, म्हटलं, अगं राणी, हा आईने केलाय ना, मोडू नकोस, मी आणलाय तो घे. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मलाच काही कळत नाही. 'म्हणून तर!' म्हणाली. झालं होतं असं, की वर्गात कुणीतरी विचारलं, तुला घ्यायला येते ती तुझी खरी आई का. हिने सांगितलं, नाही, खरी तिकडे मोहन्याला राहते. त्यावर पोरं म्हणाली, मग ती कधीच कशी दिसत नाही? आता प्रत्येकाच्या हातात तिच्या आईने केलेला एकेक दाणा जाणार होता. मग कोण काय बोलतं ते ती बघणार होती.

खोटं कशाला सांगू, मला लागलं. माझं रंगीत पाकीट तसंच पडून होतं. मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही, रसिका. स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिले. मग परत आले आणि कात्री हातात घेतली, कारण समोसे अजून बरेच कापायचे होते. मुकुट मोडून संपला की काय करणार, असं मात्र विचारलंच. तिने मानसुद्धा वर केली नाही. 'आई करेल ना परत,' म्हणाली.

इतक्या वर्षांची साखर, वर फेविकॉल, म्हणून प्रत्येक कार्डाच्या मागे मी तिला 'खाऊ नये' असं लिहायला लावलं. दिपेशने खाल्लाच. त्याच्या आईचा मला फोन, मी माफी मागितली, पोरगा ठणठणीत आहे. वर म्हणतो, गोड होता. तेव्हापासून हिचे पाय जमिनीवर नाहीत. माझ्या आईचा हलवा अजून गोड आहे, असं लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटलीय.

आणि नेमकं काल मितेशने मला तुझ्या फोनबद्दल सांगितलं. 'ती आता तुमच्यात रुळलीय, मी भेटून गेले की दोन दिवस कोमेजते, तेव्हा आता मी न आलेलंच बरं,' असं तू म्हणालीस. त्याने तिला अजून काही सांगितलेलं नाही. आईला काम आहे, एवढंच सांगतो. रुळलीय, खरं आहे. माझ्या हातची आमटी मागून घेते. पण तू येणार, या भरवशावर रुळलीय गं. तू गेलीस की रडते, हेही खरं. रडू दे. डोळे पुसायला मी आहे, तेवढं मला जमतं. ती ज्या दिवशी रडायची थांबेल आणि तुझं नावच काढणार नाही, त्या दिवसाची मला भीती वाटते. या पत्रासोबत पाठवायला एक पतंग मागितला, तर तिने दिला नाही. म्हणाली, आईला कार्ड कशाला, ते वर्गातल्यांना. आई आली की तिच्या हातावर तिळगूळ ठेवणार. वाटी झाकून ठेवलीय आणि रथसप्तमीपर्यंत देता येतो, हे कळल्यापासून रोज कॅलेंडरसमोर उभी असते. रथसप्तमी पुढच्या रविवारी आहे. मुकुटाचा नुसता पुठ्ठा उरलाय, तो तिने डब्यात परत ठेवलाय. मी साखर आणि तीळ आणून ठेवलेत. काटा कसा येतो ते मला माहीत नाही. तू ये.

नातं काय ते आपण भेटल्यावर ठरवू, तोवर
तुझीच,
योगिनी